तबकडीमागची माणसे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई प्रभूच्या घरी गेल्या. कॅसलरॉकच्या वाटेवरील रानात त्यांचे घर. महिन्याची मिस्सा आटोपल्यावर त्यांचे दोघे पुत्र एक पत्र्याची पेटी उचलून माझ्याकडे आले. "फादर, ह्या वस्तूंचे काय करावे ते तुम्हीच सांगा. भंगारवाल्याला द्यायला मन घेत नाही आणि घरात तर पावसाने कुजतील," असे थोरला म्हणाला. पेटीत चौदा जुन्या तबकड्या होत्या, केस झडून गेलेला व्हायोलिनचा एक गज होता आणि फडक्यात गुंडाळलेला राळेचा खडा होता. व्हायोलिन मात्र नव्हते. ते कोणत्या तरी अडचणीच्या वर्षी विकले गेले होते.

त्यांचे वडील तरुणपणी मुंबईस चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत असत, एवढे मुलांना ऐकून ठाऊक होते. पेटीतील एका तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने तीन कोकणी शब्द लिहिलेले आढळले : 'हांव हांगा आसां'. मी येथे आहे. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर चित्रपटाचे नाव छापलेले होते, गायिकेचे नाव होते, संगीतकाराचे होते, खाली एक क्रमांक होता. ज्याने पेन्सिलीने लिहिले त्याचे नाव कोठेही नव्हते. ती तबकडी कोणत्या कंपनीची होती हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्या काळी सर्वांचीच रीत ती होती.

मुलांना मी तत्काळ काही उत्तर देऊ शकलो नाही. परंतु तेव्हापासून हे गाणे तबकडीत शिरते कसे, ते कोणत्या घरात शिरले आणि तेथे कोण कोण बसलेले असे, ह्याचा मी शोध घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो. आपल्या पुष्कळ कुटुंबांचा त्याच्याशी संबंध आहे, आणि तो किती निकटचा आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

आपल्या आजोबांच्या पिढीत ज्या कंपनीला लोक 'कुत्रा छाप' म्हणून ओळखीत, ती एच. एम. व्ही. म्हणजे ग्रामोफोन कंपनी. कर्ण्यासमोर मान तिरपी करून आपल्या धन्याचा आवाज ऐकत बसलेला तो कुत्रा फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या इंग्रज चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रंगविला. ह्या कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा एक अमेरिकन तंत्रज्ञ होता. १९०२ सालच्या एप्रिल महिन्यात तो आपल्या भावासह रोमला गेला. पोप लिओ तेरावे तेव्हा ९२ वर्षांचे होते. त्यांचा आवाज मुद्रित करावा ही गाइसबर्गची मनीषा होती, परंतु ती सफल झाली नाही. मग त्याने सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाचे गायन मुद्रित केले. त्या वृंदात आलेस्सांद्रो मोरेस्की हा प्रसिद्ध गायक होता. शतकानुशतके केवळ त्या भिंतींच्या आत घुमलेला तो सूर प्रथमच मेणावर उतरला. त्याच महिन्यात मिलान शहरातील एका हॉटेलात त्याने कारुसो ह्या तरुण गायकाची दहा गीते मुद्रित केली. कारुसोने त्याबद्दल १०० पौंड घेतले आणि त्या दहा गीतांनी तो जगप्रसिद्ध झाला.

(पोपमहाराजांचा आवाज पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, बेत्तिनी नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने मुद्रित केला आणि त्याच वर्षी जुलैत पोपमहाराज निवर्तले. १८१० साली जन्मलेल्या मनुष्याचा आवाज आजही ऐकता येतो, हे केवढे आश्चर्य! त्यांच्यामागून आलेल्या पोप पायस दहावे ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संत सिसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयीचे आपले सुप्रसिद्ध पत्रक काढले, आणि १९०४ मध्ये रोमला भरलेल्या ग्रेगोरियन गायनाच्या परिषदेतील गायन ह्याच कंपनीने तबकड्यांवर घेतले.)

रोम आणि मिलानहून परतलेला हाच गाइसबर्ग त्याच १९०२ साली बोटीने हिंदुस्थानात आला. नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलातील मोठ्या खोलीत त्याने आपले यंत्र मांडले. ते आपल्या देशातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचे पहिले घर होय. तेथे आलेली सर्वांत नामवंत गायिका म्हणजे गौहरजान. तिचे जन्माचे नाव आयलीन अँजेलिना येवर्ड. पिता आर्मेनियन ख्रिस्ती. लहानपणीच आईबापांची फारकत झाली, आईने इस्लामचा स्वीकार केला आणि मुलगी गौहर झाली. तिच्या तबकड्यांच्या शेवटी एक चमत्कारिक गोष्ट ऐकू येते. गाणे संपताच ती इंग्रजीत मोठ्याने आपले नाव सांगते. त्याचे कारण असे, की मेणाच्या मूळ चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात आणि तेथेच तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिरांना ना भाषा कळे, ना राग, ना चेहरा ठाऊक. कोणाचे गाणे कोणाच्या नावाने छापले जाऊ नये म्हणून गायकाने स्वतःच नाव पुकारावे, अशी ती व्यवस्था होती. त्या फेरीत पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. जिने आपले नाव सांगितले तिचे नाव राहिले. तिच्यामागे सारंगी व तबला वाजविणाऱ्यांना कोणी नाव सांगावयास लाविले नाही.

त्या काळची कृती मोठी कष्टाची होती. वीज नाही, मायक्रोफोन नाही. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गाणाऱ्याने त्यात जवळजवळ तोंड घालून गावे. आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि फिरत्या मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ कोरली जाई. तान वरच्या स्वरात गेली की डोके मागे घ्यावे लागे, नाही तर सुई उडे. खर्जात गेले की पुढे सरकावे लागे. हे सगळे दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांत बसवावयाचे. जो ख्याल मैफलीत तासभर चाले तो तीन मिनिटांत गुंडाळणे म्हणजे पुष्करिणीचे पाणी तांब्यात भरण्यासारखे होते. एखादा खोकला, एखादा चुकलेला ठोका, की ते मेण वाया. पुसून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. आमच्या गायकवृंदातील मुलांना मी हे मुद्दाम सांगितले. ती आता मोबाईलवर दहा वेळा मुद्रण करून नववे निवडतात.

पुढे मेणावर धातूचा मुलामा देऊन साचा होई आणि साच्यावरून काळ्या तबकड्या दाबून निघत. त्या तबकड्यांचा मुख्य घटक कोणता? लाख! रानातल्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जी लाख करतात तीच, दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळलेली. जगातील पुष्कळशी लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. म्हणजे लंडनचे वाद्यवृंद आणि मिलानचे गवई ज्या तबकडीवर बसले ती आमच्या देशातील आदिवासींनी झाडावरून खरवडून आणलेल्या मालाची होती. काळी नदीच्या रानात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचे नवल वाटू नये. आपल्या रानातला माल कोठे कोठे जातो आणि त्याचे काय होते, हे आपल्याला कोण सांगते?

मागणी वाढली तेव्हा हॅनोव्हरच्या फेऱ्या परवडेनात. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदाजवळ तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला आणि १९२८ च्या सुमारास कंपनी शहराबाहेर डमडम येथे मोठ्या आवारात गेली. तेथील कारखाना व ध्वनिमुद्रणगृह ह्यांनी आपल्या देशाचे अर्धशतकाहून अधिक संगीत पाहिले. काझी नझरुल इस्लाम ह्यांच्यासारखे महाकवी ह्या कंपनीच्या पदरी गीते रचून गायकांना शिकवीत असत. एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९६० नंतर विलायतेत जुन्या लाखी तबकड्या बंद झाल्या होत्या. परंतु इंग्लंडच्या बीटल्स ह्या तरुणांची गाणी डमडमला त्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर छापली गेली. आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघर शिल्लक होते आणि गावांत वीज नव्हती. आज जगभरचे छांदिष्ट त्या तबकड्या मोठ्या किमतीला घेतात म्हणे. जोयडा तालुक्यातील कोणाच्या माळ्यावर एखादी असल्यास ती भंगारात घालू नये.

आता मुंबईकडे वळू.

मुंबईस कोटातील सर फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत ह्याच कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते. मराठी, कोकणी, गुजराती आणि आपल्या भागातील कानडी गवयांची वाट मुंबईच्याच ध्वनिमुद्रणाकडे जाई. हुबळीच्या गंगूबाई हनगल विशीच्या आतबाहेर असताना, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस गेल्या. त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर नाव छापले आहे ते 'गांधारी हुबळी' असे! पुढे सर्व देशाने जिला मान दिला त्या बाईचे पहिले तबकडीवरील नाव तिचे स्वतःचे नव्हते. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर ह्यांच्याही तबकड्या त्याच दशकात निघाल्या.

ह्या मुंबईच्या गृहाशी ज्यांचे नाव सर्वांत अधिक जोडले गेले ते गो. ना. तथा जी. एन. जोशी. नागपूरकडील वकील, गळ्याचे गोड. ना. घ. देशपांडे ह्यांची कविता त्यांनी गायिली आणि मराठी भावगीताचे युग सुरू झाले असे जाणकार म्हणतात. १९३८ मध्ये ते कंपनीच्या नोकरीत शिरले आणि कित्येक दशके कर्ण्याच्या पलीकडच्या बाजूस बसून दुसऱ्यांचे गाणे मुद्रित करीत राहिले. लहरी उस्ताद, लाजऱ्या बाया, वेळ न पाळणारे बुवा, ह्या सर्वांना घड्याळाच्या तीन मिनिटांत बसविणारा मनुष्य स्वतः गवई असावा, हे योग्यच झाले. काळाबरोबर ते बदललेही. १९६७ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आणून एका धनगराच्या दिवसाची कथा स्वरांत सांगणारी मोठी तबकडी निघाली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. ती जगभर गेली. तीत तबलजीसुद्धा नावानिशी ओळखला जातो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. साठ वर्षांत एवढे अंतर पडले होते, परंतु सर्वांसाठी नव्हे.

कारण मधल्या काळात चित्रपट आला होता. १९२५ नंतर कर्णा जाऊन मायक्रोफोन आला आणि एका खोलीत चाळीस-पन्नास वादक बसविणे शक्य झाले. बोलपट आले आणि ते आवश्यकही झाले. चित्रपटाची गाणी ताडदेवचे फेमस, फिल्म सेंटर, १९५४ मध्ये वांद्र्यास हिल रोडवर उभे राहिलेले मेहबूब अशा चित्रपटांच्या स्वतःच्या गृहांत मुद्रित होत आणि तबकडीची कंपनी ती आपल्या लाखेवर उतरवून विकी. ह्या गृहांत एवढे वादक आले कोठून?

ते आले आपल्या देवळांतून. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मग्रामाच्या शाळांत मुलांना संगीत शिकविण्याचा प्रघात होता. देवळाचा गायनमास्तर, ज्याला कोकणीत मेस्त म्हणतात, तो मुलांना आधी स्वर वाचावयास शिकवी आणि मगच हाती व्हायोलिन देई. मेस्ताची वेताची छडी ही त्या विद्येची दुसरी खूण. पुष्कळ वृद्ध वादकांनी ती आठवणीत जपली आहे, प्रेमाने की भीतीने ते सांगता येत नाही. मिस्सेत वाजवावे, सणात वाजवावे, तियात्रात वाजवावे आणि मिसरूड फुटली की मुंबईची वाट धरावी. पाच रेघांवरचे स्वर पाहताक्षणी वाचून वाजविणारा मनुष्य मुंबईत दुर्मीळ होता. संगीतकार चाल गुणगुणे. पण ती चाल पन्नास जणांना एकाच तासात वाजवावयास लावायची तर ती कागदावर उतरली पाहिजे आणि तो कागद वाचणारे पाहिजेत. हे दोन्ही करणारे बहुतेक गोवेकर ख्रिस्ती होते.

त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्याच तालुक्यातून प्रवास केला. मुरगावहून निघालेली मीटरगेज गाडी दूधसागराचा घाट चढून कॅसलरॉकला येई. १९६१ पर्यंत ते सरहद्दीचे स्थानक होते. फलाटावर पेट्या उघडून जकात तपासली जाई. व्हायोलिनच्या पेटीतून काय काय निघत असेल, मी कल्पना करतो : आईने दिलेली जपमाळ, सुक्या बांगड्यांची पुरचुंडी, मेस्ताने हाताने उतरून दिलेले स्वरांचे कागद. पुढे लोंढा, बेळगाव, मिरज, आणि पुण्याला गाडी बदलून मुंबई. तेथे धोबीतलाव, माझगाव भागात गावोगावच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एकाच गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेली सामायिक जागा. प्रत्येकाची एक पेटी, झोपावयास चटई, भिंतीजवळ वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स. रात्रपाळीचा वादक व दिवसपाळीचा खलाशी एकाच कोपऱ्यात आळीपाळीने निजत.

आरंभी ही मंडळी हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि संस्थानिकांच्या बँडांत वाजवीत. १९४७ नंतर संस्थाने गेली, गोऱ्या पलटणी गेल्या, आणि थोड्याच काळात मुंबईत दारूबंदी आल्यामुळे हॉटेलांतील रात्रीचे संगीतही ओसरले. तेव्हा चित्रपटांची गृहे हीच त्यांची मोठी मिळकत ठरली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणत, ते ट्रंपेटचे बहाद्दर. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. सॅबेस्टियन डिसोझा ह्यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर ह्यांच्या असंख्य गीतांची वाद्यरचना केली. आपण ज्या गीतांच्या आरंभी व्हायोलिनांची लाट येते म्हणून माना डोलवितो, तीपैकी कित्येक लाटा ह्या मनुष्याने कागदावर लिहिल्या होत्या. फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवून मिळविलेल्या पैशातून कोकणी चित्रपट काढण्यास धजले. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे त्यांचे. ख्रिस पेरी, आल्फ्रेड रोझ व लॉर्ना ह्यांच्या कोकणी गाण्यांच्या तबकड्या तर आपल्या लग्नघरांत घासून पांढऱ्या झाल्या.

ध्वनिमुद्रणाचा दिवस कसा असे, हे मी एका वयोवृद्ध वादकाकडून ऐकले आहे. सकाळी येताच वाद्ये जुळवावयाची. वाद्यरचनाकार कागद वाटी, शाई कधी ओलीच असे. दुपारपर्यंत तालीम. गायिका आपल्या काचेच्या खोलीत, वादक मोठ्या दालनात, मायक्रोफोन मोजकेच. त्यामुळे आवाजाचा समतोल यंत्राने नव्हे, माणसे मागेपुढे बसवून साधला जाई. ढोलक मागे, व्हायोलिने अर्धवर्तुळात, एकट्याने वाजविण्याचा तुकडा आला की त्या वादकाने उठून दबकत मायक्रोफोनपाशी जावयाचे आणि तितक्याच दबकत परतावयाचे. पायांत जोडे नसत. पंखे बंद. मुंबईच्या मे महिन्यात पंखे बंद! तीन मिनिटांचे गाणे एका दमात उतरले पाहिजे. शेवटच्या ओळीत कोणाचा स्वर घसरला तर साठ माणसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची. घसरला कोण, हे सर्वांना कळे आणि कोणी मान वळवून पाहत नसे. "ती खरी सभ्यता," असे तो वृद्ध म्हणाला. संध्याकाळी पैसे हातावर पडत. गाणे तयार झाल्यावर चित्रपटाचे नाव काय, हे पुष्कळांना ठाऊकही नसे. महिन्यांनी इराण्याच्या दुकानातील रेडिओवर अकस्मात आपलाच तुकडा कानी येई.

नावाचा प्रश्न केवळ वादकांचा नव्हता हे सांगितलेच पाहिजे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील ज्या गीताने लता मंगेशकरांचा आवाज घरोघर गेला, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे त्या कथेतील पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, हा आवाज कोणाचा? त्यानंतर पार्श्वगायकांची नावे छापण्याची रीत रुजली. गायकांचा प्रश्न सुटला. वाद्यरचनाकारांना श्रेयनामावलीत कधी 'सहायक' म्हणून स्थान मिळे. व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेतील मनुष्य होता तेथेच राहिला. मोबदला रोख मिळतो, मग नाव कशाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला हे म्हणणे पटत नाही. सुताराला मजुरी मिळते म्हणून त्याने केलेल्या वेदीवर त्याचे नाव कोरू नये असे आपण धरून चालतो. पण गायकाचे नाव तर कोरतोच ना?

ह्या अनामिकांपैकी एकाचे नाव मात्र सर्व देशाच्या तोंडी गेले, आणि तेही अशा रीतीने की घेणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. जन्म १९२७. पिता देवळातील गायनमास्तर. मुंबईस नौशाद ह्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत वाजवीत ते वाद्यरचनाकार झाले. ते विद्यार्थ्यांना शिकवीत. त्यांत प्यारेलाल शर्मा नावाचा एक मुलगा होता. गोन्साल्विस ह्यांना चित्रपटापलीकडचे वेड होते : आपले राग पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यावयाचे. १९५८ मध्ये त्यांनी शंभरांहून अधिक वादकांचा वृंद जमविला, लता मंगेशकर व मन्ना डे ह्यांना गायनास उभे केले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात तो जलसा केला. १९६५ मध्ये ते अमेरिकेस सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर पुन्हा चित्रपटांच्या त्या धांदलीत न शिरता माजोर्ड्यासच राहिले. इकडे त्यांचा विद्यार्थी प्यारेलाल लक्ष्मीकांतच्या जोडीने मोठा संगीतकार झाला होता. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' चित्रपटाचे गीत रचले जात असता नायकाचे आडनाव दुसरेच ठरले होते. प्यारेलालने आपल्या गुरूचे आडनाव सुचविले. अंड्यातून बाहेर पडून नाचणाऱ्या त्या नायकाचे नाव पोराटोरांनी घेतले, आणि ते खरोखर कोणा व्हायोलिनवादकाचे आहे हे कोणास ठाऊक नव्हते. १८ जानेवारी २०१२ रोजी ते देवाघरी गेले.

मुंबईच्या त्या कोटातील गृहाची आणखी एक हकिकत. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन हा तरुण तेथे आला आणि काही दिवस आपल्या वादकांना घेऊन त्याने मुद्रण केले. लंडनमधील अ‍ॅबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहात तो वाढलेला. ते गृह ह्याच कंपनीचे. १९३१ च्या १२ नोव्हेंबरला एडवर्ड एल्गार ह्यांनी वाद्यवृंद चालवून त्याचे उद्घाटन केले होते. तेथील जाड भिंतींची ज्याला सवय, त्याला मुंबईत काय आढळले? खालच्या रस्त्यावरील टॅक्सींचा आवाज आत येत असे. साडेपाचला कचेऱ्या सुटत तेव्हा जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा असा धडधडाट होई की मुद्रण थांबवावे लागे. त्या तबकडीवर लक्षपूर्वक ऐकल्यास टॅक्सी ऐकू येतात, असे त्यानेच पुढे सांगितले. तेथे वाजविलेल्या एका गीतावर त्याने लंडनला जाऊन आवाज चढविला आणि मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या तबकडीची दुसरी बाजू म्हणून जगभर गेले. फिरोजशहा मेहता मार्गावरील कारकुनांना ह्याचा सुगावाही लागला नसेल.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते वाचकांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. चुंबकीय फीत आली, एकेका वाद्याचे मुद्रण वेगवेगळे होऊ लागले, साठ जणांनी एकदम श्वास रोखण्याचे कारण उरले नाही. १९८० नंतर कॅसेटींचा महापूर आला. ज्याला सिंथेसायझर म्हणतात त्या कळफलकाच्या यंत्रातून वीस व्हायोलिने एका बोटाने निघू लागली, आणि विसावे शतक संपेतो ते मोठे वाद्यवृंद विस्कटले. कंपनी १९८० च्या दशकात गोएंका समूहाकडे गेली आणि २००० साली तिचे नाव सारेगामा झाले. २०१७ मध्ये तिने जुन्या रेडिओच्या आकाराची एक पेटी काढली. तीत ५,००० गाणी आधीच भरलेली. आमच्या धर्मग्रामात तीनचार घरी ती आहे. गायकाच्या नावाने बटण फिरवावे, त्याची गाणी सुरू होतात.

आता त्या पत्र्याच्या पेटीचे सांगतो. खानापूरकडील एका सेवानिवृत्त शिक्षकांकडे चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत आहे. तो एका रविवारी मिस्सेनंतर आणविला. दोघे पुत्र, सुना, नातवंडे आणि गावातील पाचपंचवीस माणसे जमली. शिक्षकांनी नवी सुई बसविली आणि पेन्सिलीच्या अक्षरांची तबकडी लावली. खरखर पुष्कळ होती. गायिकेचा पहिला चरण संपल्यावर व्हायोलिनांचा एक लांब तुकडा आला, वर चढत गेला आणि एका स्वरावर थांबला. थोरल्या मुलाने विचारले, "ह्यात बाबा कोणते?" शिक्षकांनी सुई उचलून तोच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. वीस व्हायोलिने एका गजाने वाजविल्यासारखी वाजत होती. त्यांतून एक वेगळे काढणे कोणाच्याही कानाला शक्य नव्हते, आणि वादकाच्या दृष्टीने तेच तर त्याचे कसब. धाकट्या सुनेने नातीला मांडीवर घेऊन सांगितले, "सगळेच आजोबा समज."

तबकड्या पुत्रांनी घरी नेल्या. नेण्यापूर्वी थोरल्याने माझे शाईचे पेन मागून घेतले आणि चौदाही पाकिटांवर वडिलांचे संपूर्ण नाव, गाव व जन्मवर्ष लिहिले. चौदांपैकी कितींवर ते वाजले आहेत हे आम्हाला ठाऊक नाही, ही शंका मी बोलून दाखविली. तो म्हणाला, "फादर, असू दे."

गज मात्र माझ्याकडे आहे. गायकवृंदातील एक मुलगी मडगावला जाऊन व्हायोलिन शिकू लागली आहे, तिच्यासाठी. त्याला नवे केस बसवावयास बेळगावला पाठवून दीड महिना झाला. अद्याप परत आलेला नाही.